औषध हाताच्या शिरेतून की थेट हृदयात?



गेल्या महिन्यात अर्नाळा किल्ल्यातले एक काका ओपीडीत दाखवायला आले होते. सोबत मुलगा होता. दोन महिन्यांपूर्वी पहाटे काकांना हार्ट अटॅक आला. होडीने किनाऱ्यावर आणलं, तिथून रिक्षाने विरारच्या एका नर्सिंग होममध्ये. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, हाताच्या शिरेतून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं आणि मग अँब्युलन्सने पुढे पाठवलं. काका आता बरे आहेत, पण मुलाला एक गोष्ट खात होती. "दाजी म्हणतात, इथे वेळ घालवण्यापेक्षा सरळ मुंबईला न्यायचं होतं. तिथे औषध थेट हृदयात सोडतात. हाताला दिलेलं औषध हृदयापर्यंत कधी पोचणार? माझं चुकलंच का हो, डॉक्टर?"

दाजींचा प्रश्न वेडगळ नाही. मोठमोठ्या हृदयरोगतज्ज्ञांनी यावर अनेक वर्षं डोकं खपवलंय.

गोष्ट सुरू होते 1933 साली, अमेरिकेत बाल्टिमोरला. विल्यम टिलेट या डॉक्टरांना दिसलं की घसा सुजवणारे स्ट्रेप्टोकोकस जंतू माणसाच्या रक्ताची गुठळी विरघळवतात. जंतूंमधल्या त्या पदार्थाला पुढे स्ट्रेप्टोकायनेज हे नाव मिळालं. आधी ते छातीत साठलेला घट्ट पू आणि रक्त पातळ करायला वापरलं गेलं. हार्ट अटॅकच्या रुग्णांना शिरेतून देण्याचे पहिले प्रयत्न 1958च्या सुमाराचे. पुढची वीस वर्षं मात्र निकाल कधी बरे, कधी वाईट. औषध उशिरा सुरू व्हायचं आणि पुष्कळदा दिवसभर हळूहळू चालवलं जायचं. शिवाय मोठा घोळ वेगळाच होता. गुठळीमुळे अटॅक येतो की अटॅक आल्यावर गुठळी होते, यावरच तज्ज्ञांचं एकमत नव्हतं!

तो घोळ मिटवायला मदत झाली कॅथेटरची, म्हणजे मांडीतल्या किंवा हातातल्या रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत सरकवायच्या बारीक नळीची. सोव्हिएत संघात चाझोव्ह यांनी 1976 साली आणि जर्मनीत गटिंगेनला रेंट्रॉप यांनी 1979 साली या नळीतून औषध थेट हृदयाच्या बंद रक्तवाहिनीत सोडल्याचं दाखवलं. वाहिनी उघडताना पडद्यावर डोळ्यांनी दिसत होती. लगोलग 1980 साली अमेरिकेतल्या डीवुड यांनी अटॅक आल्यापासून चार तासांच्या आत अँजिओग्राफी केलेल्या 126 रुग्णांचा अहवाल दिला. त्यातल्या 110 जणांची वाहिनी पूर्ण बंद होती. आधी गुठळी, मग अटॅक, हे बहुतेकांना पटलं.

मग काय, सगळे "थेट हृदयात"च्या बाजूचे झाले, आणि तेही साहजिक होतं. बंद वाहिनीत रक्तच वाहत नाही, त्यामुळे लांबून आलेलं औषध गुठळीच्या तोंडाशी थबकतं, हळूहळू आत झिरपतं. नळीतून सोडलं तर नेमकं जागेवर पडतं आणि थोडं पुरतं. तेव्हा नळीतून साधारण अडीच लाख युनिट लागत, शिरेतून 15 लाख. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या 250 रुग्णांच्या अभ्यासात (1983) नळीतून औषध दिलेल्यांपैकी महिन्याभरात 3.7 टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी 11.2 टक्के.

पण त्याच अभ्यासात छातीत दुखू लागल्यापासून औषध सुरू होईपर्यंत सरासरी चार तासांहून जास्त वेळ गेला होता. नळीसाठी कॅथलॅब लागते, तज्ज्ञ लागतो, रात्री टीमला घरून बोलवावं लागतं. तेवढा वेळ हृदयाचा स्नायू मरतच असतो. आणि कॅथलॅब होत्या किती? त्या काळी वसईतल्या माणसाला रात्री दोन वाजता मुंबईतलं मोठं रुग्णालय गाठायचं तर काय होतं हाताशी? लोकल बंद, उरला घोडबंदरवरून जाणारा महामार्ग.

बर्लिनच्या श्रोडर यांनी म्हणूनच 1983 साली शिरेचा रस्ता पुन्हा तपासला. मोठा डोस, पण दिवसभर नाही, थोड्याच वेळात. वाहिन्या उघडत होत्या. नळीइतक्या नाही, पण उघडत होत्या.

दाजींच्या प्रश्नातला दुसरा भाग इथे सांगतो. हाताच्या शिरेत दिलेलं औषध उजव्या हृदयात येतं, फुप्फुसातून फिरून डाव्या हृदयात, तिथून महाधमनीत. महाधमनीच्या अगदी पहिल्या फांद्या कुठल्या? हृदयाला रक्त पुरवणाऱ्याच! सगळ्या प्रवासाला मिनिटभरसुद्धा लागत नाही. नर्सिंग होम ते मुंबई हे अंतर त्यापेक्षा बरंच मोठं आहे.

निकाल लावला इटलीने. तिथल्या 176 हृदयरोग विभागांनी मिळून 11,806 रुग्णांचा अभ्यास केला, नाव जिस्सी. निम्म्यांना शिरेतून 15 लाख युनिट स्ट्रेप्टोकायनेज तासाभरात दिलं. 1986 साली आकडे आले: 21 दिवसांत औषध घेतलेल्यांपैकी 10.7 टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी 13 टक्के. पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांमध्ये मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. दोन वर्षांनी 17,187 रुग्णांच्या आयसिस-2 अभ्यासात साधी ॲस्पिरिनची गोळी जोडली. दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांत 8 टक्के मृत्यू, काहीच न मिळालेल्यांत 13.2 टक्के. जे काम सलाईनच्या सुईने कुठल्याही गावात होतं, त्याने कॅथलॅबमधल्या नळीला मागे टाकलं.

"थेट हृदयात" हा मोह मात्र सुटत नाही. अँजिओप्लास्टीच्या काळातही तो परत आला. जर्मनीत 2012 साली 2,065 रुग्णांवर ॲबसिक्सिमॅब हे औषध शिरेतून आणि थेट हृदयाच्या वाहिनीतून देऊन तुलना केली. मृत्यू, पुन्हा अटॅक आणि हार्ट फेल्युअर एकत्र मोजल्यावर फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये अँजिओप्लास्टी करतानाच गुठळीचं औषध थोड्या मात्रेत थेट वाहिनीत सोडून पाहिलं (2019). त्यातूनही फायदा दिसला नाही.

आज पहिली पसंती अँजिओप्लास्टीलाच आहे, ती निदानापासून दोन तासांच्या आत होणार असेल तर. मीरा रोडपासून विरारपर्यंत आता कॅथलॅब आल्या आहेत, त्यामुळे पूर्वीसारखं प्रत्येकाला मुंबई गाठावी लागत नाही. पण जव्हार-मोखाड्याहून किंवा महामार्गाच्या कोंडीतून दोन तास पाळणं कठीण. अशा वेळी इंजेक्शन आधी, प्रवास नंतर, आणि पुढच्या 24 तासांत अँजिओग्राफी. तमिळनाडूत सरकारी रुग्णालयांना कॅथलॅबशी जोडून हीच पद्धत राबवली, तिथे वर्षभरातले मृत्यू 17.6 वरून 14.2 टक्क्यांवर आले. टेनेक्टेप्लेज हे नवं औषध तर वजनानुसार एका दमात शिरेत द्यायचं असतं, तासभर थांबायला नको. ते पुण्यातही बनतं. या औषधांनी रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित मेंदूतही. म्हणूनच डॉक्टर आधी अलीकडचं ऑपरेशन, पक्षाघात, अल्सर याबद्दल विचारतात. त्या प्रश्नांवर चिडू नका.

काकांची फाईल मी मुलासमोर उघडली. दुखणं सुरू झालं पहाटे 3 ला, इंजेक्शन 4.35 ला. तासाभराने काढलेल्या ईसीजीत सुधारणा स्पष्ट दिसत होती. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी, एक स्टेंट. "त्या दिवशी आधी मुंबईला निघाला असतात तर पहाटेच्या त्या दीड तासात तुम्ही कुठे असतात?" मी विचारलं. तो म्हणाला, "फार तर वर्सोवा पुलावर."

मग त्याने दाजींचा आणखी एक आक्षेप काढला: "निघताना कमरेत वेदनेचं इंजेक्शन मागितलं, तर डॉक्टरांनी दिलं नाही." बरोबर केलं. गुठळी विरघळवणारं औषध देताना स्नायूत सुई टोचली तर तिथे रक्त साकळतं, आणि रक्तदाब घसरलेला असेल तर स्नायूतलं औषध नीट शोषलंही जात नाही. वेदनेचं औषधही शिरेतूनच द्यायचं.

घरी करायचं ते एवढंच. 108 ला फोन करा. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ॲस्पिरिनची 300 किंवा 325 मिलिग्रॅमची गोळी चावून खा. नुसती गिळली तर उशिरा लागू पडते. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र शेजाऱ्याने दिली म्हणून घेऊ नका. तिने रक्तदाब एकदम पडतो. डॉक्टरांनी आधी लिहून दिली असेल तरच घ्या, तीही बसून.