हिरवा ठिपका आणि चॉकलेट चिप्स

"डॉक्टर, पाकिटावर हिरवा ठिपका होता हो!" दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाची आई सांगत होती. चिप्स बोहरी आळीतल्या, केक घरचा, बिनदुधाचा. तरी मुलाच्या अंगावर गांधी उठल्या.

ठिपका खोटा नव्हता. तो 'शाकाहारी' एवढंच सांगतो, आणि आपल्या शाकाहारात दूध बसतं.

खरं तर चॉकलेटमध्ये दूधच उपरं. मेक्सिकोत कोको पाण्यात घुसळून पीत. 1847 मध्ये इंग्लंडच्या फ्राय कंपनीने वडी पाडली, तीही कोको, साखर आणि कोको बटरची. (हे बटर लोणी नव्हे, कोकोच्या बियांची चरबी. उगाच घाबरू नका.) दूध आलं 1875 च्या सुमारास, स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटरमुळे. आपण मात्र चॉकलेटलाच 'कॅडबरी' म्हणत वाढलो, म्हणजे दुधाचंच.

2022 मध्ये आपल्याकडे व्हीगन पदार्थांचे नियम आले, हिरव्या 'व्ही'चं चिन्ह आलं. अ‍ॅलर्जी असेल तर तेवढ्यावरही थांबू नका; त्याच यंत्रावर दुधाचं चॉकलेट बनत असू शकतं. घटकांत 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसिन' शोधा, खालची अ‍ॅलर्जीची ओळ वाचा. नुसत्या 'डार्क' शब्दावर विसंबू नका.

घरी करायच्या तर कोको बटर गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवा, कोको पावडर आणि पिठीसाखर मिसळा, ताटलीत पातळ पसरून फ्रिजमध्ये ठेवा, मग सुरीने तुकडे करा. पाण्याचा थेंब पडला तर मिश्रण घट्ट गोळा होतं.

आणि कधी ओठ सुजले, धाप लागली, तर फोनवर मला शोधत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.