पंखा का ओरडतो?

सोलापुरात १८७७ साली कापडगिरणी उभी राहिली. आपण तिला जुनी मिल म्हणतो. तेव्हापासून गावाच्या हवेत कापसाचे तंतू आहेतच. त्यांचीच ही गोष्ट.

काही वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात आमच्या यंत्रमाग कारखान्यातला कॉम्प्युटर घोंघावायला लागला. तापून मधेच बंद पडायचा. चादरींचा सगळा हिशेब त्यातच! वडील म्हणाले, "नवा घे."

खरं तर कॉम्प्युटर तापणं जुनंच दुखणं. १९४६ साली जगासमोर आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या, त्यांना गार ठेवायला मोठे पंखे लागायचे. चिप आली, उष्णता राहिली. २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला, त्यामागेही तापण्याची अडचण होती.

म्हणजे पंखा बिघडलेला नव्हता. चिप तापली म्हणून तो जोरात पळत होता. मी आधी हिशेब पेन ड्राइव्हवर घेतला, प्लग काढला, डबा उघडला. पंख्याखालच्या पत्र्यांत तंतूंची चक्क गादी! पाती बोटाने धरून ब्रशने झाडलं, थर्मल पेस्ट बदलली. आवाज बसला.

वडील हसले, "माग रोज झाडतोस, याला कधी झाडलंस?"