‘टेन्शन’चा अभ्यास, आपल्याच विभागातला

आपल्या मानोऱ्यात कापूस-सोयाबीन हातचं गेलं की माणूस म्हणतो, "लय टेन्शन हाय." डिप्रेशन म्हणत नाही. आजची गोष्ट त्या टेन्शनची.

शेतकरी आत्महत्यांनी विदर्भ हादरला होता. त्यातूनच अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्प उभा राहिला. गोव्याची ‘संगथ’ संस्था, टाटा ट्रस्टचा पैसा. नावातही ‘डिप्रेशन’ नाही बरं का, ‘विदर्भातला ताण आणि आरोग्य’ असं आहे. गावपातळीवरचे कार्यकर्ते छोट्या बैठका घ्यायचे, धीर द्यायचे. पुढे समुपदेशक, लागलंच तर मानसोपचारतज्ज्ञ.

डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध 2017 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी 4.3 टक्के होते, 18 महिन्यांनी 27.2. सहापट, भारीच! पण उलटं वाचा: शंभरातले सत्तरहून जास्त जण तरी बाहेरच राहिले. का, ते तेच सांगू शकतात.

उद्या मानोऱ्यात असा अभ्यास आलाच, तर तांड्यावरच्या बाईकडून फॉर्म भरून घेण्याआधी तिलाच विचारा, नेमकं काय शोधायचं ते.