थत्त्यांचा प्रश्न



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय थोडा तांत्रिक आहे, कंटाळा आला तर सरळ पुढच्या पत्रावर जा.

परवा शारजाला घरी मुलाने लॅपटॉप पुढे सरकवला. कॉलेजात त्याला ओकॅमल शिकवताहेत. त्याने एका ओळीचं फंक्शन लिहिलं होतं: जे हातात येईल ते त्यालाच लावायचं, "क्ष ला क्ष". कंपायलर नाही म्हणाला. "बाबा, का नाही?" मी वीस वर्षं बँकांची सॉफ्टवेअर लिहून पोट भरलेला माणूस. ठोकून दिलं, "तर्कालाच मान्य नाही ते." मग रात्री चुटपुट लागली आणि वाचत बसलो. उत्तर साफ चुकलं होतं.

टाइप इन्फरन्स म्हणजे आपण टाइप लिहायचा नाही, कंपायलरने वापरावरून ओळखायचा. त्याच्या मुळाशी जॉन रॉबिन्सन यांचं १९६५ चं युनिफिकेशन आहे: दोन अर्धवट आकृत्या एकमेकींशी जुळवून रिकाम्या जागा भरायच्या. १९६९ मध्ये रॉजर हिंडली यांनी, आणि त्यांचं काम माहीत नसताना १९७८ मध्ये एडिंबराच्या रॉबिन मिल्नर यांनी हीच वाट काढली. मिल्नर यांची एमएल भाषा त्यातूनच उभी राहिली.

आता "क्ष ला क्ष" घ्या. क्ष हे फंक्शन, म्हणून त्याचा टाइप "अ पासून ब". पण त्याला खाऊ घालायचं तेही क्षच, म्हणजे अ बरोबर "अ पासून ब". अ च्या पोटात अ! इथे कंपायलर थांबतो. पण थांबायलाच हवं असं नाही. बाण मागे वळवून अ कडे आणला की रिकर्सिव्ह टाइप मिळतो, आणि हिशोब व्यवस्थित संपतो. ओकॅमलमध्ये "रेकटाइप्स" नावाचा स्विच लावला तर तेच फंक्शन मुकाट्याने पास होतं. मग स्विच मुळात बंद का? कारण तो चालू असला की साध्या चुकाही चित्रविचित्र टाइप घेऊन पार होतात आणि चूक भलत्याच ठिकाणी उघडी पडते. म्हणजे अडचण तर्काची नव्हे, सोयीची! नाव देऊन जाहीर केलेले रिकर्सिव्ह टाइप मात्र रोज चालतात. यादी म्हणजे एकतर रिकामी, नाहीतर एक वस्तू आणि मागे उरलेली यादी.

हे वाचताना एक आडनाव दिसलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो: सतीश थत्ते. १९८८ चा त्यांचा पेपर, "पार्शियल टाइप्स" वर. एमएलच्या यादीत आकडा आणि नाव शेजारी ठेवता येत नाही. थत्त्यांनी ओमेगा नावाचा एक टाइप आणला: काहीतरी आहे, काय ते सांगता येत नाही. कुठलाही टाइप ओमेगाच्या जागी चालतो. गंमत म्हणजे "क्ष ला क्ष" इथेही पास होतं, आणि तेही रिकर्सिव्ह टाइपशिवाय. पण तेच फंक्शन स्वतःलाच दिलं, की न संपणारा घोळ होतो, त्याला ही पद्धत अडवते. रेकटाइप्स अडवत नाही.

एक गाठ मात्र सुटली नव्हती. असा टाइप आहे की नाही, हे यंत्राला दर वेळी ठरवता येईल का? थत्त्यांची पद्धत टाइप असला तर सापडवत असे, नसला तर थांबेलच याची हमी नव्हती. १९९२ मध्ये ओ'कीफ आणि वाँड यांनी दाखवलं की ठरवता येतं, पण वेळ अफाट लागायचा. त्याच वर्षी कोझेन, पाल्सबर्ग आणि श्वार्ट्झबाख यांनी तो प्रोग्रामच्या लांबीच्या घनाइतक्यावर आणला.

थत्त्यांनी १९९० मध्ये "क्वासी-स्टॅटिक टायपिंग" मांडलं: जिथे टाइप कळतो तिथे आधी तपासा, नाही तिथे प्रोग्राम चालताना. २००६ मध्ये सीक आणि ताहा यांनी ग्रॅज्युअल टायपिंग मांडलं, तेव्हा या पेपरचं नाव घेऊनच त्यातली उणीव दाखवली: सगळे टाइप लिहिलेल्या प्रोग्राममधल्याही काही चुका त्यात आधी पकडल्या जात नाहीत. आजचं टाइपस्क्रिप्ट त्याच कुळातलं. म्हणून "सगळं आपल्याच माणसाने शोधलं" अशी पत्रं कृपया फिरवू नका. प्रश्न त्यांनी नेमका विचारला, उत्तरं इतरांनीही दिली, आणि मला तेवढं पुरेसं वाटतं.

आणखी एक. बीपीईएलवर काम केलेले आपल्यात बरेच असतील. त्याच्या आधीची मायक्रोसॉफ्टची एक्सलँग, २००१ ची, तिच्या स्पेसिफिकेशनवरही नाव सतीश थत्ते! मीही बीपीईएलवर पोट भरलं, पण लेखकाचं नाव कधी वाचलं नव्हतं.

सकाळी मुलाला सांगितलं की काल चुकलो. त्याने स्विच लावून बघितला, हसला आणि म्हणाला, "पण बाबा, सर याला मार्क देणार नाहीत."

चू. भू. द्या. घ्या.