तमकश्वासाचें पथ्यापथ्य आणि धोत्र्याचा धूर

वैद्यकाच्या हस्तलिखितांकडे इतिहाससंशोधकाचें लक्ष सहसा कमी जातें. सनद, महजर किंवा बखर हातीं आली म्हणजे ती तत्काळ वाचावीशी वाटते. परंतु त्याच रुमालांत निघालेलें औषधांचें बाड 'किरकोळ' म्हणून बाजूस पडतें. अशा बाडांवांचून ज्याचा निकाल लागणार नाहीं असा एक प्रश्न प्रस्तुत लेखांत मांडावयाचा आहे. दम्यावर धोत्र्याचा धूर ओढण्याचा उपचार हा आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांतला, असें वारंवार सांगण्यांत येतें. हें विधान कितपत टिकतें तें पाहूं.

प्रथम नांवाविषयीं. 'दमा' हा शब्द फार्सी. संस्कृत ग्रंथांतलें नांव श्वास. त्याचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास व क्षुद्रश्वास असे पांच भेद सांगितले आहेत. पैकीं आपण ज्यास दमा म्हणतों तो मुख्यतः तमकश्वास होय. म्हणून पोथ्यांत शोध करणारानें 'श्वास' व 'दमा' हे दोन्ही मथळे पाहिले पाहिजेत.

चरकसंहितेंत हा विषय चिकित्सास्थानांतील हिक्काश्वासाच्या अध्यायांत आहे. निर्णयसागराच्या छापील प्रतींत हा अध्याय १७ वा, तर वंगीय परंपरेच्या क्रमानें तो २१ वा येतो. हस्तलिखितांची नोंद करतांना हा फरक ध्यानांत न घेतल्यास घोटाळा होतो. चिकित्सास्थानांतले १७ अध्याय दृढबलानें पुरे केले असें संहितेंतच सांगितलें आहे, आणि कोणताही क्रम धरला तरी प्रस्तुत अध्याय दृढबलाच्याच वांट्यास येतो. दृढबलाचा काळ सामान्यतः इसवी सनाचें ४ थें-५ वें शतक मानतात. अर्थात् येथील मजकूर 'चरकाचा' म्हणून उद्धृत करतांना त्याचें वय त्या बेतानेंच धरलें पाहिजे.

या अध्यायांतलें तमकाचें वर्णन इतकें सूक्ष्म आहे कीं तें रोग्याच्या उशाशीं बसूनच लिहिलें असावें. घशांत घुरघुर वाजते. कफ सुटला म्हणजे घटकाभर बरें वाटतें. निजल्यास श्वास कोंडतो, बसल्यास आराम पडतो. उष्ण पदार्थांची इच्छा होते. आभाळ, पाऊस, थंडी व पूर्वेकडील वारा यांनीं विकार वाढतो. हा रोग याप्य सांगितला आहे, म्हणजे पथ्य व औषध चालूं असेतों तो आवरून धरतां येतो, समूळ जात नाहीं. नवा असेल तरच साध्य. माधवाच्या निदानग्रंथांतही हेंच वर्णन आलें आहे.

कारणांच्या यादींत धूळ, धूर, वारा, थंड जागा, थंड पाणी, अतिश्रम, फार चालणें, रूक्ष व अवेळीं जेवण हीं येतात. अन्नापैकीं पावटे, उडीद, तिळाची पेंड, पिठाचे जड पदार्थ, दहीं, कच्चें दूध व पाणथळ प्रदेशांतल्या प्राण्यांचें मांस वर्ज्य. उलट कुळथाचें कढण, वाळल्या मुळ्याचें सार, हिंग-जिऱ्याची यवागू असा हलका व उष्ण आहार हितकर. पुढील काळांतील पथ्यापथ्याच्या संग्रहांत जुने तांदूळ, गहूं, जव, शेळीचें दूध, मध, लसूण, पडवळ यांची नांवें येतात. पण कफ व वात यांस आवरणारें, उष्ण आणि वायूचें अनुलोमन करणारें तें घ्यावें, हें सूत्र बदलत नाहीं.

या परंपरेचा महाराष्ट्राशीं संबंध स्पष्ट आहे. १३ व्या शतकांत देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. त्याचा आश्रित बोपदेव याचा पिता केशव यानें सिद्धमंत्र या ग्रंथांत अन्न व औषधिद्रव्यें कोणत्या दोषास वाढवितात वा शमवितात या दृष्टीनें वर्गवारीनें लाविलीं, व त्यावर बोपदेवानें प्रकाश ही टीका रचिली. पुढें १७ व्या शतकाच्या अखेरीस रघुनाथ गणेश नवहस्त यानें भोजनकुतूहल रचून अन्नपदार्थांचे गुणदोष सांगितले. म्हणजे श्वासाच्या रोग्यानें काय खावें हें ठरविण्याचें साधन या प्रांतांत शतकानुशतकें हाताशीं होतें.

आतां धुराकडे वळूं. वर सांगितल्याप्रमाणें साधा धूर हें रोगाचें कारण आहे. औषधी धूम मात्र विहित आहे, परंतु त्याची जागा ठरलेली. प्रथम सैंधवयुक्त तेलाचा अभ्यंग, मग स्वेद, मग कफ वाढविणारें अन्न देऊन वमन, आणि त्यानंतर जो कफ उरला असेल तो काढण्यासाठीं धूमपान. त्या वर्तींतलीं द्रव्यें हळद, तमालपत्र, एरंडमूळ, लाख, मनशीळ, देवदार, हरताळ व जटामांसी हीं होत. सुश्रुताच्या उत्तरतंत्राच्या ५१ व्या अध्यायांतले वा वाग्भटाचे श्वासावरील धूम पाहिले तरी त्यांत धोत्रा नाहीं. धोत्रा अज्ञात होता असें मात्र नव्हे. सुश्रुतानें पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर त्याची योजना केली आहे. धोत्र्याची जात मूळची अमेरिकेची कीं काय या वादांत कोलंबसापूर्वींच्या संस्कृत ग्रंथांतील अशा उल्लेखांचा २००७ सालीं पुरावा म्हणून उपयोग झाला, हें येथें नमूद करण्यासारखें आहे.

श्वासाधिकारांत धोत्रा ठळकपणें दिसतो तो अर्वाचीन संग्रहांत. गोविंददासाच्या भैषज्यरत्नावलींतील कनकासव हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण. आणि इ. स. १८०२ मध्यें जनरल जेंट यानें मद्रासेंतला हा धूम्रोपचार इंग्लंडांत नेला. तो त्यास कंपनी सरकारचा तेथील मुख्य वैद्य जेम्स अँडरसन याजकडून कळला होता. त्यानंतर युरोपांत त्याच जातीची दुसरी वनस्पति वापरांत आली, व दम्याच्या विड्या विसाव्या शतकापर्यंत विकल्या जात.

हे दोन धूर एक नव्हेत. संहितेंतला धूम शोधनानंतर उरलेला कफ काढतो. धोत्र्याचा धूर ऐन उबळींत कोंडलेला श्वास मोकळा करतो. त्याचें कारण आज ज्ञात आहे : धोत्र्यांतील अॅट्रोपीन-वर्गाचीं द्रव्यें श्वासनलिकांचें आकुंचन सैल करतात. पण तींच द्रव्यें भ्रम उत्पन्न करतात व प्राणही घेतात. म्हणून हा प्रयोग कोणीं करून पाहूं नये. आजचें वैद्यक दम्यास श्वासनलिकांचा चिरकालीन दाह मानून श्वासावाटें घ्यावयाच्या औषधांनीं तो आटोक्यांत ठेवतें. धूळ व धूर टाळण्याचा जुना उपदेश मात्र त्यासही मान्य आहे.

सारांश, पथ्यापथ्य व दिनचर्या हा श्वासचिकित्सेचा प्राचीन व स्थिर भाग. धोत्र्याचा धूर हा निराळ्या हेतूचा, मागाहून ग्रंथांत शिरलेला भाग. 'प्राचीन' हें विशेषण पहिल्यास शोभतें, दुसऱ्यास नाहीं. मद्रासच्या वैद्यानें जी गोष्ट लोकांत पाहिली ती लोकांत केव्हां व कोणत्या मार्गानें रुळली, याचा पुरावा छापील संहितांत नसून वैद्यांच्या घरच्या बाडांत, पोथ्यांच्या समासांत व सुट्या पानांवर मिळावयाचा. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, दम्यावरील उपायाचें पान निघाल्यास तें टाकूं नये. त्यावरील मिति, लेखकाचें नांव, द्रव्यांचीं देशी नांवें व तोळे-मासे-गुंजांचीं मानें जशींच्या तशीं उतरून घ्यावींत, आणि तें पान ज्या रुमालांत सांपडलें त्याची नोंद ठेवावी. मिति असलेलें असें एक पान शंभर तर्कांहून अधिक मोलाचें होय.