स्वप्ननोंदवही

झोपेत पडलेली स्वप्ने जाग येताच दिनांकासह लिहून ठेवण्याची वही. आत्मनिरीक्षण, मनोविश्लेषण व निद्रासंशोधन यांसाठी ती वापरतात. दुसऱ्याचे स्वप्न पाहता येत नसल्याने पाहणाऱ्याचे कथन हाच त्याचा मुख्य पुरावा असतो आणि तो झपाट्याने विरतो.

विस्मरणाची कारणे : डोळ्यांच्या जलद हालचालींची निद्रावस्था (‘रेम’) यूजीन ॲसेरिन्स्की व नेथॅनिएल क्लाइटमन यांनी शिकागो विद्यापीठात शोधली (१९५३). या अवस्थेतून उठवलेल्यांना स्वप्न बहुधा सांगता येते. ती साधारण दर ९० मिनिटांनी येते व पहाटेकडे लांबत जाते. तिच्यात मेंदूतील नॉरॲड्रेनॅलिन अत्यल्प असते. स्मृती पक्की न होण्याचे हे एक कारण मानतात.

इतिहास : जपानी बौद्ध भिक्षू म्योए (११७३–१२३२) यांनी अनेक वर्षे स्वप्ने टिपली. फ्रान्समधील एर्व्हे द सँ-दनी यांनी तेराव्या वर्षी वही सुरू केली. तिच्या आधारे त्यांचा ग्रंथ १८६७ मध्ये निघाला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कॅल्किन्स यांनी रात्री गजर लावून, उशाशी मेणबत्ती, काडेपेटी व कागद ठेवून स्वप्ने नोंदवली (१८९३). कागदाकडे हात नेण्याएवढ्या हालचालीनेही स्वप्न पुसले जाते, असे त्यांना आढळले. महाराष्ट्रात संत तुकारामांनी बाबाजी चैतन्यांचा स्वप्नातील अनुग्रह अभंगात सांगितला आहे. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि आपल्याला त्याचा विसर पडला, हा बारकावाही त्यात आला आहे.

पद्धत : जाग आल्यावर डोळे मिटून, कूस न बदलता शेवटचे दृश्य धरावे व तेथून मागे जावे. मग आधी ठळक शब्द, नंतर सविस्तर वर्णन लिहावे. माणसे, जागा, संवाद व भावना नोंदवाव्यात. अर्थ लावायचा तो वेगळा लिहावा. काही न आठवल्यास तसेच लिहावे. नियमित नोंदींनी स्वप्ने आठवण्याचे प्रमाण बहुधा वाढते.

मर्यादा : तुटक दृश्यांना जागेपणी नकळत सलग गोष्टीचे रूप मिळते. फ्रॉइड यांनी या जुळवाजुळवीला दुय्यम संस्करण म्हटले. त्यांच्या मते ती स्वप्नातच सुरू होते. म्हणून अभ्यासक उशिरा लिहिलेल्या सुसंगत कथेपेक्षा लगेच खरडलेल्या विस्कळीत टिपणावर अधिक भिस्त ठेवतात.