गोरी आणि गृहकृत्यदक्ष



'स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिही' असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा एखादा किल्ला किंवा शिलालेख घ्यावा असे प्रथम मनात आले. पण तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवताना वर्गाला सर्वांत जास्त बोलते कोणी केले असेल, तर ते साबणाच्या जाहिरातींनी. म्हणून विषय तोच घेते.

इतिहासाचे कोणतेही साधन हाती आले की तीन प्रश्न विचारायचे, हे आपण शाळेतच शिकलो. कोण सांगतो आहे? कोणाला सांगतो आहे? आणि काय सांगायचे टाळतो आहे? ताम्रपटाला लागू पडणारे हे प्रश्न जाहिरातीलाही लागू पडतात. फरक इतकाच की ताम्रपट आपण जपून ठेवतो आणि जाहिरातीच्या कागदात भेळ खातो.

१८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. त्यांवर लीव्हर ब्रदर्सचे नाव होते आणि माल इंग्लंडमध्ये तयार झाल्याचा शिक्का होता. त्याआधी आपल्याकडे स्वच्छता नव्हती असे नाही. रिठे, शिकेकाई, डाळीचे पीठ आणि नदीकाठचा धुण्याचा दगड पिढ्यान्‌पिढ्या होतेच. पण पाश्चात्त्य साबणाबरोबर एक विचारही विकला जात होता. पेअर्स साबणाची १८९९ सालची एक जाहिरात मी दरवर्षी वर्गात दाखवत असे. ती अमेरिकी मासिकात आली होती. गणवेशातला गोरा आरमारी अधिकारी हात धुतो आहे आणि खाली कोपऱ्यात एक गोरा माणूस गुडघे टेकून बसलेल्या काळ्या माणसाला साबण देतो आहे. जगाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांना स्वच्छता शिकवणे ही गोऱ्यांची जबाबदारी, असा मजकुराचा सूर. चित्रातला अधिकारी ॲडमिरल ड्यूई. त्याने आदल्याच वर्षी फिलिपिन्समध्ये मनिलाची लढाई जिंकली होती. आता तिसरा प्रश्न विचारा. तोफांबद्दल जाहिरातीत अक्षर नाही. जिंकणे हेच धुणे झाले आहे, आणि गोरेपण म्हणजे स्वच्छपण.

या विचाराला आपल्याकडे उत्तर मिळाले ते स्वदेशीच्या काळात. अर्देशिर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास वनस्पती तेलांपासून साबण बनवला. तोवरच्या साबणात प्राण्यांची चरबी असे. नव्या साबणाने 'शुद्ध' या शब्दाचा अर्थच पालटला. विलायती ते शुद्ध हे समीकरण मोडून चरबीविना ते शुद्ध, असे नवे समीकरण आले. पुढे रवींद्रनाथ टागोरांनीही जाहिरातीतून या साबणाची शिफारस केली. आपल्या माणसांच्या मनातली भाषा ओळखून साहेबाला दिलेले हे उत्तर होते.

१९४१ साली लक्सच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या. या साबणासाठी झळकलेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. धारवाडला जन्मलेली, पदवीधर मराठी स्त्री. सिनेमात काम करणे घरंदाज बायकांना शोभत नाही असे मानण्याच्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. जाहिरात नेहमी मागेच ओढते असे नाही. कधी कधी ती दारही उघडते. पण त्या दारावर पाटी होती सौंदर्याची, आणि सौंदर्याचा रंग ठरलेलाच होता.

आता आपल्या शाळेच्या दिवसांकडे येते. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. आदल्याच वर्षी 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली होती. अहमदाबादला करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये सुरू केलेली स्वस्त निरमा पावडर घरोघर पोचली, आणि तिला तोंड द्यायला सर्फने आणल्या ललिताजी! पडद्यावर न दिसणारा पुरुष प्रश्न विचारतो आणि ही बाई भाजी घेता घेता स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतला फरक त्याला ठणकावून सांगते. हे पात्र आपल्या आईवरून सुचले, असे जाहिरातकार अलेक पदमसी सांगत. गृहिणीची काटकसर म्हणजे अक्कलहुशारी, हे मोठ्या मानाने सांगणारी ती जाहिरात मला आजही आवडते. तरी धुण्याची बादली ललिताजींचीच राहिली. ललिताजी झालेल्या कविता चौधरी यांनीच पुढे १९८९ मध्ये 'उडान' ही मालिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि तीत पोलीस अधिकाऱ्याची भूमिका केली. एकाच चेहऱ्याने आपल्याला दोन भविष्ये दाखवली.

त्याच वर्षांत माझ्या थोरल्या बहिणीसाठी स्थळे पाहणे चालू होते. माझे अक्षर चांगले म्हणून माहितीचा कागद मी लिहीत असे. 'सावळी' लिहिले की वडील ते खोडून 'गव्हाळ' लिहायला सांगत, आणि आई म्हणे, 'निमगोरी लिही, कोण बघायला येतंय आत्ताच!' खाली 'गृहकृत्यदक्ष' हा शब्द तर छापील असल्यासारखा यायचा. बहीण गणितात पहिली येत असे. त्याला कागदावर अर्धी ओळ मिळे.

नंतर इतिहास शिकवताना माझ्या ध्यानात आले की शंभर वर्षे साबण, पावडर आणि क्रीम यांच्या जाहिराती आपल्या मुलींना हेच दोन शब्द सांगत आल्या: गोरी हो आणि गृहकृत्यदक्ष हो. राज्य बदलले, कारखाना देशी झाला, कागद जाऊन पडदा आला, शब्द तेच. जाहिरातींनी ते निर्माण केले नाहीत. आपल्याच घरांतून उचलले आणि चमकवून परत दिले. म्हणूनच ते इतके खरे वाटले.

आणि ते हलले तेव्हा आपोआप हलले नाहीत. क्रीम लावून गोरी झाली म्हणून मुलीला नोकरी मिळाली, अशा धर्तीच्या जाहिराती २००३ साली महिला संघटनांच्या तक्रारीनंतर दूरचित्रवाणीवरून हटल्या. २०१५ मध्ये एका पावडरच्याच जाहिरातीने विचारले, की धुणे फक्त बाईचे काम का? २०२० मध्ये 'फेअर' हा शब्द नावातून गेला. त्याच सुमारास लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढली, तीही वापरणाऱ्या स्त्रियांनी हरकत घेतल्यावर. प्रत्येक वेळी कोणीतरी तिसरा प्रश्न मोठ्याने विचारला होता.

एक विनंती करून थांबते. आपापल्या माळ्यावरचे जुने दिवाळी अंक, साबणाचे डबे, दुकानातल्या पत्र्याच्या पाट्या मेळाव्याला घेऊन या. वर्गातल्या बाकांवर मांडू. आणि नातवंडांनाही आणा. मोबाईलवर त्यांना दिवसभर काय काय सांगितले जाते, हे त्यांच्याकडून ऐकायचे आहे.